काय दिसतंय ते सांग

नर्सरीवाल्यानं टेम्पोतून पोतं उतरवलं आणि दारातच उपडं केलं. आतून चिखल पडला. चिखलात गुलाबाचं एक रोप मुळांसकट आडवं झालेलं होतं, आणि कुंडीच्या काठाचा एक तुकडा होता. त्या तुकड्यावर सूनबाईनं स्वतःच्या अंगठ्यानं दाबून काढलेली नक्षी अजून तशीच दिसत होती.

"ओळखा," नर्सरीवाला म्हणाला. "तुमचीच आहे. चार दिवस पाणी घातलं, पाचव्या दिवशी खाली बसली. एक नव्हे, निम्म्याहून जास्त. गिऱ्हाइकासमोर माझी काय शोभा झाली असेल बघा."

सासरा चाकावरून उठून आला होता. कोपरापर्यंत माती. तो चिखलापाशी उकिडवा बसला, बोटांनी चाचपून म्हणाला, "पाणी केव्हा घालत होतात? सकाळी की उन्हाचं?"

"वकीलसाहेब, मी साक्ष द्यायला नाही आलो."

गावात सगळे त्याला वकीलच म्हणायचे. जन्मात कोर्टाची पायरी चढला नव्हता, पण कुणी काही विचारलं की हा उलट दोन विचारणार. वाट विचारली तर म्हणेल, जायचंय कशाला? बाकी गावाला त्याची गंमत वाटायची. गंमत वाटायला गावाचं काय जातंय, घरात राहायचं होतं सूनबाईला.

"पंधरा दिवस देतो," नर्सरीवाला टेम्पोत चढता चढता म्हणाला. "दीडशे कुंड्या, पक्क्या. नाहीतर मी प्लॅस्टिकच्या घेतो. दिसायला भिकार असतात, पण पाण्यात विरघळत नाहीत."

तो गेला. शेजारची दोघं-तिघं कुंपणापाशी उभी होती, तीही इकडचं तिकडचं बोलत पांगली. सूनबाईनं रोप उचललं, फुटक्या डब्यात माती भरून त्यात लावलं आणि चिखल फावड्यानं गोळा केला. तिची कानशिलं तापली होती. भट्टी बंद करायची वेळ सासऱ्यानं नव्हे, तिनं सांगितली होती. "नारिंगी झालंय," असं तीच म्हणाली होती.

रविवारी नवरा आला. तो ट्रक चालवायचा आणि आठवड्यातून एक दिवस घरी असायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं, जेवण संपवलं, मग बोलला.

"ही एक भट्टी करा. ही बिघडली तर चाक अडगळीत टाकायचं आणि सगळ्यांनी माझ्याबरोबर शहरात यायचं. मालक एक खोली द्यायला तयार आहे."

सासरा म्हणाला, "खोलीला अंगण आहे?"

"झालं सुरू," नवरा म्हणाला आणि हात धुवायला उठला.

मागच्या दारी सूनबाईनं त्याला गाठलं. "तुम्ही तरी सांगा. भट्टी कधी थांबवायची ते तुम्हाला ठाऊक असेल."

"मला?" तो हसला, पण खुशीनं नाही. "सात वर्षं त्यांनी मला प्रश्न विचारले. काय दिसतं, का दिसतं, तुला काय वाटतं. एकाचंही उत्तर कधी दिलं नाही. मी ट्रकवर गेलो तर उस्तादानं पहिल्याच दिवशी सांगितलं, हा क्लच, हा ब्रेक, हा दाबलास तर मरशील. संध्याकाळी मी गाडी चालवत होतो. माणसाला सांगितलं की कळतं गं. यात एवढं अवघड काय आहे?"

सूनबाईला ते मनापासून पटलं. आणि तरीही शहरातली ती खोली तिला नको होती. लग्न होऊन आली तेव्हा तिला मातीतलं ओ की ठो कळत नव्हतं. आता माती तुडवताना टाचेला खडा लागला की तो कुठल्या खड्ड्यातला हे ती सांगू शकायची. चाकावरून उतरलेल्या ओल्या कुंडीचा काठ तिच्या अंगठ्याची वाट बघत असायचा. हे काम तिला आवडत होतं, दुसऱ्या कशाहीपेक्षा जास्त, आणि ते तिच्या हातून जाऊ नये एवढंच तिला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून घर कामाला जुंपलं. दीडशे हव्या होत्या, मोडतोड धरून पावणेदोनशे करायच्या ठरल्या. ती माती चाळायची, भिजवायची, तुडवायची. सासरा चाकावर. त्याचे हात असे चालायचे की बघत राहावं. डोळे कुठंतरी बाजूला, कुंपणाकडे, आणि हाताखाली कुंडी वर येत जायची, प्रत्येक तेवढीच उंच, तेवढीच जाड. सासू बसल्या बसल्या उरलेली माती गोळा करायची. नेमकं आभाळ भरून राहिलं होतं. ऊन नाही, वारा नाही, पाऊसही नाही, नुसता दमटपणा. कुंड्या वाळायला तयार नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी सगळ्या घरात आणल्या. पलंगाखाली कुंड्या, कपाटावर कुंड्या, चुलीभोवती कुंड्या. रात्री कूस बदलायची तर आधी हात लावून बघावं लागे.

"बाबा, वाळल्या का या?" ती विचारायची.

"तुला काय वाटतं?"

"वरून वाळल्यात."

"आणि आतून?"

"आतून कसं कळणार?"

"कसं कळेल बरं?"

असं. म्हणजे घोडं जिथल्या तिथं. शेवटी तिचं तिनंच शोधलं, की कुंडी गालाला लावायची. ओली असली तर गार लागते. हे तिला कळायला दोन दिवस गेले आणि तेवढ्यात घाईघाईनं चुलीजवळ सरकवलेल्या अकरा कुंड्या तडकल्या.

"हे तुम्हाला ठाऊक होतं ना?" तिनं तडकलेल्या कुंड्या घमेल्यात भरत विचारलं. "गालाला लावायचं?"

"होतं."

"मग सांगायला काय झालं होतं? अकरा गेल्या."

"आता विसरशील?"

"नाही विसरणार. पण अकरा गेल्या, बाबा. दिवस किती उरलेत? भट्टीही अशीच शोधत बसू का मी? एक गेली, दुसरी गेली, तिसरीत कळलं, असं?"

तो चाकापाशी हात पुसत थांबला. क्षणभर वाटलं, आता सांगेल. "मी सांगितलं तर ते माझं राहील," तो म्हणाला. "तू शोधलंस तर तुझं होईल."

तिला घमेलं तिथंच आपटावंसं वाटलं. तिनं ते उचलून नेलं आणि मागं जाऊन आपटलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी तिनं कुणालाच सांगितली नव्हती. भट्टी लावायच्या वेळी सासरा तिला डोळ्यापाशी उभं करायचा. भट्टीच्या भिंतीत छातीच्या उंचीला मुठीएवढं भोक होतं, त्याला डोळा म्हणायचे. एरवी त्यात विटेचा तुकडा बसवलेला असे. चिमट्यानं तो काढायचा, आतला रंग बघायचा, पुन्हा बसवायचा. आधी सगळं काळं, मग गर्द लाल, मग उजळ लाल, मग नारिंगी. नारिंगीत एक नेमका रंग येतो, तिथं जाळ थांबवायचा. आधी थांबवलं तर माल कच्चा, उशीर झाला तर कुंड्या वाकतात, एकमेकींना चिकटतात. सासरा मागं उभा राहून विचारायचा, "काय दिसतंय ते सांग." पहिल्या वर्षी ती चुकायची आणि तो पुढचा प्रश्न विचारायचा. मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं, की उत्तर बरोबर असलं की त्याचा अंगठा मिशीच्या टोकाकडे जातो. चुकलं की जात नाही. तेव्हापासून ती डोळ्यात बघायची थोडं आणि मिशीकडे जास्त. "लाल..." असं म्हणायची आणि थांबायची. "उजळ लाल..." पुन्हा थांबायची. "नारिंगी?" अंगठा गेला की आवाज चढवून म्हणायची, "नारिंगी झालंय." सासऱ्याला वाटे, सून शिकली.

मागच्या भट्टीलाही अंगठा गेला होता. मिशीच्या टोकापर्यंत गेला होता, तिनं स्वतः पाहिलं होतं. आणि तरी माल कच्चा निघाला. तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला होता. अंगठ्यावर तर तिची सगळी विद्या उभी होती.

म्हणून या खेपेला तिनं भट्टी भरताना एक गोष्ट केली. उरलेल्या मातीच्या चार कड्या वळल्या होत्या, बांगडीएवढ्या, त्या डोळ्याच्या अगदी आत, सळईनं ओढून घेता येतील अशा ठेवल्या. सासऱ्याला असलं आवडायचं नाही. ज्याला बघता येत नाही त्यानं तुकडे काढून चाटत बसावं, असं तो म्हणायचा. तिनं त्याला सांगितलंच नाही. तिला फक्त असं काहीतरी हवं होतं, जे उलट प्रश्न विचारणार नाही.

मुदतीच्या बाराव्या दिवशी पहाटे भट्टी पेटवली. लाकूड दमट. पहिले चार तास नुसता धूर, पांढरा, जड, अंगणात बसून राहिलेला. तिचे डोळे सुजले. जाडी ओंडकी हळू जाळायची, कुंड्यांतली उरलीसुरली ओल निघू द्यायची, हे तिला नीट येत होतं. भट्टीच्या वरच्या, धूर जायच्या भोकावर तिनं पातेल्याचं थंड झाकण धरलं, त्यावर पाणी जमलं नाही, तेव्हा तिनं बारीक फाटे घालायला सुरुवात केली. जाळ चढला. भिंत हात लावू देईना. सासू लाकडं आणून टाकत होती आणि दर खेपेला सासऱ्याकडे बघून जात होती.

दुपार कलली. सूनबाईनं पदर डोक्याला घट्ट गुंडाळला, चिमटा घेतला, डोळा उघडला.

"काय दिसतंय ते सांग," सासरा मागून म्हणाला.

आत गर्द लाल होतं. याबद्दल तिला शंका नव्हती, एवढं तिला कळत होतं. अजून कितीतरी वेळ होता. पण तिनं मागं वळून बघितलं तर तो तसाच उभा, हात मागं बांधून, मान जरा तिरकी, तोंडावर काही नाही. अकरा कुंड्या गेल्या तेव्हा होता तसाच. तिच्या पायांची सालं निघाली होती, केस जळाल्याचा वास येत होता, उद्या-परवा घर उठायची वेळ येणार होती, आणि हा माणूस तिची परीक्षा घेत होता. तिच्या डोक्यात तिडीक गेली. ठरवलं, आज याला बोलायला लावायचंच. इतकं चुकीचं उत्तर द्यायचं की याला ओरडून सांगावं लागेल.

"नारिंगी," ती ठणठणीत आवाजात म्हणाली. "पार उजळ नारिंगी. पिवळ्याकडे चाललंय."

सासऱ्याचा अंगठा मिशीकडे गेला.

"मग जाळ आवर," तो म्हणाला. "भट्टीचं तोंड लिंपून घे."

तिला आधी कळलंच नाही. तिनं पुन्हा डोळ्यात पाहिलं. गर्द लाल. लहान पोरानंही सांगितलं असतं.

"बाबा, इकडं या. तुम्ही बघा."

"तू बघितलंस ना?"

"तुम्ही बघा."

तो जागचा हलला नाही. लाकडाची मोळी घेऊन येत असलेली सासू मध्येच थांबली. सूनबाईनं तिच्याकडे पाहिलं, आणि सासूनं नजर खाली घातली. तेवढं पुरलं.

"किती दिवस?" तिनं विचारलं.

"सांगून टाका आता," सासू म्हणाली. "किती दिवस लपवणार?"

सासरा सावकाश ओंडक्यावर बसला. "दीड वर्षापासून हळूहळू चाललंय. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आहे, वाढत गेला. बाजूचं दिसतं, वाट दिसते, दार दिसतं. ज्याच्याकडे बघावं तेवढंच दिसत नाही. डॉक्टर म्हणाला, वयाचं आहे, गेलं ते परत यायचं नाही."

"आणि मागची भट्टी?"

"तू म्हणालीस नारिंगी. तुझा आवाज ठाम होता. मला वाटलं, पोरगी तयार झाली, आता काळजी नाही."

"तुमचा अंगठा मिशीकडे गेला म्हणून माझा आवाज ठाम झाला," ती म्हणाली. "मी तुमच्या तोंडाकडे बघून सांगत होते, बाबा. दोन वर्षं. भट्टीकडे कुणी बघतच नव्हतं."

भट्टीच्या तोंडात फाटे कोसळल्याचा आवाज झाला. तो ऐकून सासराच आधी भानावर आला.

"जाळ पडतोय," तो म्हणाला. "आत काय आहे खरं?"

"गर्द लाल."

"मग घाल लाकूड. आधी बारीक."

ती धावली. आज पहिल्यांदा त्यानं सरळ सांगितलं होतं आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही. सासूनं मोळी सोडली, दोघींनी मिळून फाटे आत सारले. दमट लाकूड फुसफुसत राहिलं, मग एकदाचं धरलं. धूर काळा झाला, मग पातळ झाला. तिनं घामानं भिजलेला पदर पिळला.

आता प्रश्न तिचे होते. "कुठं थांबायचं? नारिंगी म्हणजे कसलं? मला नीट सांगा, मला विचारू नका."

सासरा ओंडक्यावरून पुढं वाकला. "तो रंग... तो रंग आला की कळतो."

"कसा कळतो?"

"मला कुणी सांगितलं नव्हतं गं. माझ्या बापानंही नाही. मी बघितला आणि ओळखला. शब्दांत कधी धरलाच नाही." तो गुडघ्यावर हात घासू लागला. त्याचा चेहरा एखाद्या वर्गात उभं केलेल्या पोरासारखा झाला होता. तिला त्याची कीव आली आणि रागही गेला नव्हता.

"असं करा," ती म्हणाली. "रंग सोडा. आत कुंड्या कशा दिसतात त्या वेळी? कडा दिसतात?"

तो विचारात पडला. "कडा... लाल असताना कडा दिसतात. एक कुंडी कुठं संपते, दुसरी कुठं सुरू होते ते कळतं. मग उजेड इतका होतो की कडा पुसतात. सगळं एकच दिसतं. पुन्हा जरा वेळानं कडा परत येतात, बारीक, चकचकीत. त्या आल्या की..." तो उभाच राहिला. "हां. त्या आल्या की थांबायचं. मी त्याच बघत होतो. रंग नव्हतोच बघत."

"हे आधी सांगितलं असतं तर?"

"आधी मलाच कुठं ठाऊक होतं? तू विचारलंस म्हणून सापडलं."

तिनं त्याच्याकडे रागानं पाहिलं. मग तो आपल्याकडे बघत असूनही आपला चेहरा त्याला दिसत नाही, हे तिला आठवलं.

लाल झालं. उजळ लाल झालं. कडा दिसत होत्या. लाकूड संपत आलं तशी सासूनं मोडकी खाट ओढत आणली आणि कुऱ्हाडीनं तिचे पाय तोडले. कडा पुसल्या. आत नुसता उजेड. मागं वळून बघावं अशी तिच्या मानेला सवय होती, मान दोनदा वळली, दोनदा तिनं ती परत आणली.

"आल्या?" सासरा.

"नाही."

खाटेची शेवटची फळी गेली. "आल्या?"

"थांबा, बाबा." तिनं डोळे मिटून पुन्हा उघडले. पलीकडच्या रांगेत केसाएवढी एक रेघ उमटली होती. मग दुसरी. की डोळ्यांत पाणी आलंय म्हणून तसं दिसतंय? तिनं सळई घातली, एक कडी ओढून काढली, पाण्यात न टाकता राखेत ठेवली. धीर धरवत नव्हता. हात लावण्याइतकी झाली तशी तिनं ती जिभेला लावली. कच्ची असती तर जिभेला चिकटून राहिली असती. चिकटली नाही.

"काय चाटतेस?" सासऱ्यानं विचारलं. त्याला कानानं कळलं होतं.

"कडी ठेवली होती. तुम्हाला न सांगता."

त्यानं हात पुढं केला. तिनं कडी त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं ती नखानं वाजवली, दातात धरली, मग स्वतःही चाटून बघितली.

"लिंप तोंड," ती स्वतःच म्हणाली, स्वतःलाच, आणि चिखलाचं घमेलं ओढलं.

दोन दिवस भट्टी निवत राहिली. ते दोन दिवस घरात कुणाला जेवण गेलं नाही. नवरा बातमी ऐकायला मधल्याच वारी आला आणि अंगणात येरझाऱ्या घालत राहिला. वडिलांच्या डोळ्यांचं त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मला वाटायचं, मुद्दाम विचारतात." सासूनं सांगितलं, "तुझ्या वेळी मुद्दामच विचारायचे." त्यावर तो हसला आणि चटकन तोंड फिरवून बसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं तोंड फोडलं. आत हात घालवत होता. खालच्या रांगेतल्या नऊ कुंड्या फुटल्या होत्या, दोन वाकल्या होत्या. तिनं एक अख्खी कुंडी काढली, टिचकी मारली. आवाज बरा वाटला. पण बरा वाटण्यावर तिचा आता भरवसा नव्हता. तिनं कुंडीचं भोक चिखलाच्या गोळीनं बुजवलं, कुंडी काठोकाठ पाण्यानं भरली आणि ओंडक्यावर बसलेल्या सासऱ्याच्या मांडीवर आणून ठेवली. त्यानं न विचारताच एक तळवा खाली धरला. कच्ची असेल तर तळ आधी मऊ पडतो.

"किती वेळ?" नवऱ्यानं विचारलं.

"दुपारपर्यंत," सासरा म्हणाला. सरळ उत्तर ऐकून नवरा त्याच्याकडे बघतच राहिला.

ती एकेक कुंडी काढून अंगणात मांडत होती. ढग थोडे विरळ झाले होते. मागून आवाज आला, नेहमीचाच, फक्त जरा हळू.

"काय दिसतंय ते सांग."

तिची मान वळली नाही. हातातली कुंडी उजेडाकडे धरून तिनं सांगायला सुरुवात केली. बाहेरून तांबूस आहे, सगळीकडे सारखी. एका बाजूला जाळ जास्त लागलाय, तिथं तळहाताएवढा काळपट डाग आहे. काठाला बारीक भेग वाटली होती, पण ती भेग नाही, माझ्या अंगठ्याचा ठसा आहे. दुसरी उचलली. तिचंही सांगितलं. तिसरीचं सांगताना त्यानं तिला थांबवलं.

"खरं सांगतेस ना?"

ती थबकली. त्या दिवशीचं तिचं ठणठणीत नारिंगी दोघांनाही आठवलं असणार.

"खरं सांगतेय, बाबा."

तो मानेनं हो म्हणाला. त्याच्या मांडीवरचं पाणी काठाशी हललं आणि स्थिरावलं. तळवा त्यानं तळाखालून काढला नाही. सूर्य डोक्यावर आला तरी काढला नाही. मग त्यानं अंगठ्यानं तळ दाबून पाहिला, पुन्हा जोर लावून दाबला, आणि तोच ओला अंगठा मिशीकडे नेता नेता मध्येच थांबवला.

"पक्की आहे," तो तोंडानं म्हणाला.